रस्त्यावरचं खळं

हुमनाबादहून दुबलगुंडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर सुगीत गाडी चालवायची तर एक रीत पाळावी लागते. शेतकरी हुलग्याचं काड डांबरावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी शेंगा फुटतात आणि बैलांची मेहनत वाचते. सरकारला हे चालत नाही म्हणे. पण सरकार दुबलगुंडीला रोज कुठं येतंय! रीत एवढीच, की काड दिसलं की ड्रायव्हरनं लांबूनच मोठा हॉर्न द्यायचा. राखणीला बसलेलं माणूस काड उलथणाऱ्यांना बाजूला काढतं, मग गाडी खुशाल वरून घालायची. हॉर्न दिल्याशिवाय कुणी गाडी घालत नाही.

व्यंकटला ही रीत पाठ होती. हुलसूरच्या बौद्ध घरातला हा पोरगा उदगीरला बी.ए. झाला होता, आणि तीन वर्षं झाली, गुंडेराव डाळमिलवाल्यांची अँबेसिडर चालवत होता. शिक्षण सगळं मराठीत आणि कर्नाटकात सरकारी नोकरीला कन्नडचा पेपर, तिथं घोडं अडलेलं. बाप मरताना सांगून गेला होता, शिक, आता कायदा आपला हाय. व्यंकटनं ते विहारातल्या वचनासारखं मानलं होतं. आता जगात एवढा भरवसा कशावरच टाकू नये, पण हे सांगायला बाप उरला नव्हता.

त्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा नापास झाल्याचं कार्ड आलं. दुपारी गुंडेरावांना दुबलगुंडीला तूर बघायला जायचं होतं. ते मागच्या सीटवर टेकले आणि गावाबाहेर पडायच्या आत घोरायला लागले. पुढं रस्ताभर काड पसरलेलं दिसलं. व्यंकटचा हात हॉर्नपाशी गेला नाही. विसरला असता तर गोष्ट वेगळी. तो विसरला नव्हता. माझ्यासाठी कोण थांबलंय, की मी दुसऱ्यासाठी वाजवत बसू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं गाडी तशीच घातली.

काडाखाली काशप्पा होता. सकाळपासून उलथून दमलेला, ऊन लागू नये म्हणून काड अंगावर ओढून घटकाभर पडलेला. गाडी उचलली गेली आणि आपटली. व्यंकट उतरला, त्यानं दोन्ही हातांनी काड उपसलं, आणि मग तो तिथंच रस्त्यावर बसून राहिला. राखणीला काशप्पाची चौदा वर्षांची पोर शिवगंगा होती. ती बापाला प्यायला पाणी आणायला विहिरीवर गेली होती. घागर घेऊन परत आली ती हे बघायलाच.

हयगयीनं गाडी चालवून जीव घेतल्याचा खटला उभा राहिला. गुंडेरावांनी जामीन दिला आणि ईरण्णा वकिलांना गाठून दिलं. वकिलांनी पान लावत लावतच खटला सोडवून टाकला.

"हारन दिला म्हण. राखणीचं माणूस जाग्यावर न्हवतं, ही त्यांची चूक. तुजी न्हाई."

"पर म्या दिला न्हाई, वकीलसायेब."

"कुणी ऐकलं? मालक झोपले व्हते. पोरगी हिरीवर. वाजला न्हाई आसं सांगणारं एक माणूस दाव मला."

सांगणारं एक माणूस होतं, ते वकिलांच्या समोरच खुर्चीच्या कडेला बसलं होतं. व्यंकटनं मनाशी ठरवलं, साक्षीच्या दिवशी खरं बोलायचं. शिक्षा होईल ती होईल. कायदा आपला आहे तर तो आपल्यावरही चालला पाहिजे. अकरा महिने तो ह्या एका विचारावर जगला. रात्री त्याला जी काय झोप लागायची ती त्यावरच.

आणि तारखेच्या आधी आठ दिवस कागद आला. चौथ्या खेपेला कन्नडचा पेपर निघाला होता. तालुका कचेरीत कारकून म्हणून बोलावणं होतं. आई, चांगुणाबाई, तो कागद छातीशी धरून गल्लीभर हिंडली, नि कोर्टात आली तेव्हाही तो तिच्या कनवटीला होता. शिक्षा झाली असती तर तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा झाला असता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं दैवानं दिलं ते नेमकं चुकीच्या दिवशी दिलं.

शिवगंगा साक्षीला उभी राहिली. वकिलांनी विचारलं, हॉर्न ऐकलास का?

"न्हाई."

"हिरीवर व्हतीस. रहाटाचा आवाज व्हता. हारन वाजला आसंल आन् तुला ऐकू आला नसंल, आसं व्हईल का न्हाई?"

ती वकिलांकडं नाही, न्यायाधीशांकडं नाही, थेट आरोपीच्या पिंजऱ्याकडं वळली.

"वाजिवला व्हता का, अण्णा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. अख्ख्या कोर्टात तेवढी एकच हे विचारत होती. म्हाताऱ्या न्यायाधीशांनी तिला दटावलं नाही. उलट चष्म्यावरून व्यंकटकडं पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, सांग.

व्यंकटनं तोंड उघडलं. दाराशी चांगुणाबाई उभी होती, एक हात कनवटीवर ठेवून.

"व्हय," तो म्हणाला. "वाजिवला."

शिवगंगानं मान हलवली. शाळेत गणित चुकल्यावर पोरं हलवतात तशी, समजल्यासारखी.

तो सुटला. बाहेर चांगुणाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पलीकडं लिंबाखाली काशप्पाची बायको मल्लम्मा बसली होती. लेक जवळ गेली तशी तिनं पदर आवरून घेतला आणि तोंड फिरवलं. गावची माणसं दबक्या आवाजात नव्हे, चांगली मोठ्यानं बोलत होती, "पोरीनं बाप खाल्ला."

निकालाची नक्कल व्यंकटनं आणली. कन्नडात होती, आणि आता त्याला ती कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. त्यात लिहिलं होतं: चालकाने रीतीप्रमाणे हॉर्न वाजवला होता. राखणीवरील मुलीचे लक्ष नव्हते. तो तसाच उठून ईरण्णा वकिलांकडं गेला. म्हणाला, मला परत उभं करा, मी खोटं बोललो.

वकील हसले. "सुटल्याला त्याच गुन्ह्यात परत धरत न्हाईत बाबा. कायदा हाय. कामून डोस्क्याला ताप करून घ्यायलास? जा, नोकरीवर रुजू हो."

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तो दुबलगुंडीला गेला. मल्लम्मा रानात होती. शिवगंगा अंगणात तूर निवडत होती, आणि केवढी वाळली होती! व्यंकट तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"पोरी, हारन वाजला न्हवता. म्या दिलाच न्हाई. तुजी काय बी चूक न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी आलाव, लई झालं अण्णा. पर मला बरं वाटावं म्हणून खोटं कामून बोलायलाव? मास्तरनं निकाल वाचून दावलाय."

"ते खोटं हाय. नोकरी जाईल म्हणून म्या तसं बोललो."

"नोकरीसाठी कुणी आसं बोलतंय व्हय?" ती म्हणाली. त्याला समजूत घालावी तशी म्हणाली.

व्यंकटनं आईची शपथ घेतली. बापाची घेतली. शेवटी तो तिच्यापुढं हात जोडून रडायला लागला, तशी ती घाबरली, उठली आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"रडू नका अण्णा. वाजला व्हता. आदुगर मला आठवत न्हवतं," ती म्हणाली. "आता रोज ऐकू यायलाय."