मास्तरांच्या आवाजाची बॅटरी

सकाळी पावणेआठ. पुलाच्या चढावर शिकाऊ गाडी बंद पडली, मागे घसरू लागली आणि त्याच वेळी मास्तरांचा आवाज गेला. मास्तरांनी आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबला. गाडी थांबली. कुणाला काही लागलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी आहे. चौकोनी, काडेपेटीएवढी, डोक्यावर वीज देणारी दोन धातूची बटणं. ड्रायव्हिंग स्कूलमधल्या या मास्तरांचं घशाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते टॉर्चसारखं एक यंत्र गळ्याला टेकवून बोलतात. यंत्र घुमतं, ओठ हलतात आणि शब्द उमटतात. सूर एकच, भुंग्यासारखा. पण "क्लच हळू सोडा" हे त्या सुरातही नीट कळतं. त्या घुमण्याला लागणारी वीज मी आणि माझी जोडीदारीण आळीपाळीने देत आलो.

आम्हाला विकत आणलं मास्तरांच्या बायकोने. "सगळ्यात मोठा आकडा असेल ती द्या," त्या दुकानात म्हणाल्या. "आमचे हे फार बोलतात." दुकानदाराने हसत आमची जोडी काढून दिली. किती वीज मावते ते सांगणारा वेष्टणावरचा आकडा खरंच मोठा होता. आमच्या पोटात तेवढी वीज कधीच मावत नव्हती.

तरी सुरुवातीचे दिवस चांगले गेले. यंत्र लावून मास्तर घरात पहिलं वाक्य बोलले, "चहा गार आहे." बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. मग पदर डोळ्यांना लावतच त्या म्हणाल्या, "आवाज आला तोही तक्रार करायलाच!"

बाईंची माया मोठी होती. नवऱ्याचा आवाज मध्येच जाऊ नये म्हणून त्या आम्हाला सतत भरलेलं ठेवत. जरा वापर झाला की लगेच चार्जरवर. चार्जर साधा होता, भरून झालं तरी न थांबणारा, आणि फ्रिजच्या गरम कोपऱ्यात ठेवलेला. पोट भरलेल्या माणसाला आग्रहाने वाढत राहावं, तसं आमचं झालं. जोडीदारीण आतून सुकत गेली. मी जादाची म्हणून मास्तरांच्या खिशात असे, किल्ल्यांच्या जुडग्यासोबत.

त्या सकाळी एक किल्ली माझ्या दोन्ही बटणांवर आडवी पडली. माझ्यातली वीज किल्लीतूनच वाहून गेली आणि मी तापले. चढावर जोडीदारीण थकली, तीही काही सूचना न देता. आमच्या जातीची बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत नीट चालते आणि मग एकाएकी बसते. मास्तरांनी मला घ्यायला खिशात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

स्टिअरिंगवर एक नर्स होती. "मास्तर, बोला ना! रागावलात का माझ्यावर?" मास्तरांनी नकारार्थी मान हलवली, खुणेने गिअर दाखवला आणि खुणांवरच गाडी परत आणली.

नर्सने ऑफिसात ही गोष्ट हसत हसत सांगितली. स्कूलची मालकीण हसली नाही. तिला गाडी मास्तरांनीच शिकवली होती.

"काका, ब्रेक तुमच्या पायात आहे, मान्य. पण नवखा माणूस घाबरला की त्याला आवाज लागतो."

मास्तरांनी बंद यंत्र दाखवलं. बोलायला वीज नव्हती.

"उद्या मी मागे बसते. पूर्ण तासभर आवाज टिकला तर गाडी तुमची. नाहीतर परवापासून इथे काउंटरवर बसा. पगार तोच राहील."

पगाराची गोष्ट नव्हती. घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत.

बाई मला आणि जोडीदारणीला घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेल्या. त्याने दोघींना मीटर लावला आणि जोडीदारीण बाजूला ठेवली. "वहिनी, ही गेली. दुसरीत अजून धुगधुगी आहे."

"रोज भरत होते हो मी!"

"तेच तर झालं. जरा कमी प्रेम करा." त्याने खात्रीच्या कंपनीची, नुसती पडून राहिली तरी वीज धरून ठेवणारी बॅटरी दिली. तिच्यावरचा आकडा माझ्यापेक्षा लहान होता. शिवाय भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर आणि माझ्या डोक्याला प्लास्टिकची टोपी दिली. "आवाज जायची वाट पाहू नका म्हणावं. आधीच बदला."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्या जातीच्या बॅटऱ्या असतील. घेताना नुसता आकडा पाहू नका. नव्या-जुन्यांची एकाच यंत्रात खिचडी करू नका. भरून झालं की काढा आणि तापू लागलं तर लगेच थांबा. आम्ही तक्रार करत नाही, आम्ही थेट गप्प होतो. आणि आमच्या गप्प होण्याने कधी कधी दुसराच कुणीतरी मुका होतो.

आज सकाळी मालकीण मागे बसली. नवी बॅटरी यंत्रात होती, रात्री नव्या चार्जरवर भरलेली मी खिशात टोपी घालून. नर्सने चढ न घाबरता पार केला. मास्तर भरपूर बोलले, एरवीपेक्षा जरा जास्तच. चाळीस मिनिटांनी त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि आवाज चांगला चालू असतानाच नवी काढून मला यंत्रात घातलं.

"काय झालं, काका?" मालकिणीने विचारलं.

"काही नाही," मास्तर माझ्या जोरावर म्हणाले. "बदलायची वेळ झाली."

आता दोन उभ्या गाड्यांच्या मधे गाडी उलटी लावणं चाललं आहे. यात मास्तरांना सगळ्यात जास्त बोलावं लागतं. तासाची बारा मिनिटं उरली आहेत. माझ्यात किती उरलं आहे, ते मलाही आतून कळत नाही. नर्सने आरसा पाहिला आहे. मास्तरांनी यंत्र गळ्याला टेकवून बटण दाबलं आहे.

"डावीकडे," ते म्हणाले. "अजून. अजून थोडं."