एक पिन कमी

शनिवारी सकाळी फिटरकाकांनी गाडीचं बॉनेट उघडलं, तेव्हा काकू खिडकीतून बघत होत्या. झालं, आता हे हात दाखवून अवलक्षण करणार, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

काकांनी पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर म्हणून काढली होती. काकू घरी शिवणकाम करायच्या. गल्लीत एक फिटरकाका, दुसऱ्या शिवणकाकू. खरी नावं कुणाला ठाऊक नव्हती आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

गाडी वीस वर्षांची. तिच्या वॉटर पंपातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि टायमिंग बेल्टही बदलायला आला होता. इंजिनाच्या पोटात जे जे काही वर-खाली होतं, ते सगळं एका तालात ठेवतो तो हा दातेरी पट्टा. तो जागचा सरकला की आत ठोकाठोकी होते आणि इंजिनाचं भंगार होतं.

“गॅरेजवाल्याकडे द्या की,” काकू बाहेर येऊन म्हणाल्या.

“अगं, या गाडीचा पट्टा मी दोनदा बदललाय. तिसऱ्यांदा नाही जमला, तर समजेन की मी संपलो.”

काका हसून म्हणाले, पण काकूंना हसू आलं नाही. त्याला कारणही तसंच होतं.

चार दिवसांपूर्वी काका गाडी घेऊन औषधं आणायला गेले होते. दहा मिनिटांचं काम. परतले दोन तासांनी, घामाघूम होऊन. “रस्ता खोदून ठेवलाय मेल्यांनी, केवढा वळसा पडला!” दुसऱ्या दिवशी काकू मुद्दाम त्या वाटेने चालत गेल्या. रस्ता कुठेही खोदलेला नव्हता. घरी येऊन नवऱ्यासमोर मूग गिळून बसल्या, आणि संध्याकाळी मुलाला फोन लावून हळू आवाजात म्हणाल्या, “गाडी घेऊन जा रे बाबा.” मुलगा म्हणाला, “रविवारी गिऱ्हाईकच घेऊन येतो. बाबांना आधी सांगू नकोस, आकांडतांडव करतील.” “बरं, रविवारी गिऱ्हाईक आण,” काकू आणखी हळू म्हणाल्या.

म्हणजे उद्या. उद्या विकल्या जाणाऱ्या गाडीचा हा माणूस आज पट्टा बदलत होता. सांगायचं कोणी आणि कसं?

काकूंनी जुनी चादर आणून गाडीशेजारी पसरली आणि शिवणाचा खडू घेतला. काका एकेक बोल्ट काढत होते, त्या तो चादरीवर ठेवून त्याभोवती रेघ मारत होत्या. पान्यांचंही तेच. “जिथून उचलाल तिथेच ठेवायचं. हे काही तुमचं पंपघर नाही.”

“शिंप्याचं दुकान झालं हे!” काका कुरकुरले, पण ऐकत होते.

मोजदादीच्या बाबतीत काकू कुणाच्या बापाला ऐकत नसत. कपड्याला बारा टाचण्या लावल्या, तर बारा डबीत परत आल्याशिवाय तो कपडा घराबाहेर जायचा नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाला टाचणी टोचली नव्हती, आणि याचा त्यांना भारी तोरा होता.

काका मात्र कामाला लागले की बघत राहावं. इंजिनाखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावला, पाणी टबात काढलं, पुढची कव्हरं उतरवली, पट्ट्याच्या चाकांवरच्या खुणा जुळवल्या, जुना पट्टा सोडवला, पंप बाहेर काढला. पंप बसायची जागा त्यांनी फडक्याने पुसली, मग नखाने खरवडली, मग डोळे मिटून बोट फिरवून पाहिली. एकदाही अडखळले नाहीत. उगाच केला का आपण फोन, असं काकूंना वाटायला लागलं.

नवा पंप बसला. मग काकांनी नवा टेन्शनर दाखवला. “हे बघ, ही पिन आत आहे तोवर हा दबून राहतो. पट्टा चढवला की पिन ओढायची, मग हा पट्ट्याला ताण देतो. त्यानंतर इंजिन हातानं दोनदा फिरवायचं, खुणा जुळतात का बघायचं, आणि मगच चावी.”

“म्हणजे पक्क्या शिलाईआधी कच्चे टाके.”

“हो बाईसाहेब, कच्चे टाके!”

काकूंनी चादरीवर छोटंसं गोल काढलं. “ती पिन इथे आली पाहिजे.”

तेवढ्यात शाळेतले मास्तर शिवलेल्या पॅन्ट न्यायला आले. त्यांना एक पॅन्ट आखूड वाटली, मग घालून पाहिली, मग नाही वाटली. यात वीस मिनिटं गेली. काकू बाहेर आल्या तर कव्हरं बसलेली, जॅक काढलेला, आणि काका गुणगुणत नवीन पाणी भरत होते.

“फिरवून बघितलं?”

“बघितलं की! दोनदा. खुणा अगदी काट्यावर.”

काकूंची नजर चादरीवर गेली. पिनेचं गोल रिकामं होतं. आणि इंजिन फिरवायचा लांब दांड्याचा पाना आपल्या रेघेत जसाच्या तसा पडून होता. त्याच्यावर उडालेली खडूची भुकटीसुद्धा हलली नव्हती.

काका खोटं बोलत नव्हते. आपण फिरवलं, असं त्यांना खरंच वाटत होतं. काकूंना त्याचीच जास्त भीती वाटली.

काका हात पुसून गाडीत बसले.

गप्प बसलं तर? चावी फिरेल, इंजिन जाईल, उद्या गाडी भंगारात निघेल. भांडण नाही, रडारड नाही, आणि हा माणूस परत कधी रस्ता चुकायला जाणार नाही. खोटं कशाला बोला, काकूंनी हा विचार चांगला दोन श्वास केला. मग त्यांना सकाळचं वाक्य आठवलं. समजेन की मी संपलो.

“अहो, थांबा! एक पिन कमी आहे!”

“कसली पिन?”

“तुमची. माझ्या सगळ्या डबीत आहेत.”

काका उतरले. रिकाम्या गोलाकडे बघितलं, पान्याकडे बघितलं. एरवी घड्याळाशीही हुज्जत घालणाऱ्या माणसाने निमूटपणे जॅक लावला, कव्हर पुन्हा उतरवलं. पिन आतच होती, आणि पट्टा सैल लोंबत होता. काकांनी ती ओढून काढली आणि गोलात नेऊन ठेवली. मग पाना लावून इंजिन दोनदा फिरवलं. काकूंनी टॉर्च धरून स्वतः वाकून पाहिलं. खुणा जुळल्या होत्या.

सगळं बंद करून काकांनी चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. पंपाखाली थेंबसुद्धा नव्हता. काकूंचा जीव भांड्यात पडला. काकांनी मात्र थोड्या वेळाने इंजिन बंद केलं.

“उद्या पोरगा गिऱ्हाईक आणतोय ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तू हळू बोलतेस ना, तेव्हाच जास्त ऐकू येतं.”

“मग भांडला का नाहीत?”

“रस्ता खोदलेला नव्हता, म्हणून.”

काकूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

“म्हटलं, पट्टा बदलून बघू,” काका म्हणाले. “जमला तर पोराला वाटेला लावू.”

“जमला की!”

“मला नाही जमला. आपल्याला जमला.” त्यांनी चावी काढून काकूंच्या पुढे धरली. “तू शिक चालवायला.”

“मी? या वयात? मागच्या वेळी काय झालं होतं, आठवतंय ना?”

वीस वर्षांपूर्वी, गाडी नवी असताना, काकांनी त्यांना पहिला धडा दिला होता. ते इतके ओरडले, की काकूंनी भर रस्त्यात गाडी थांबवली, दार उघडलं आणि त्या तरातरा चालत घरी आल्या. त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नव्हता.

“आठवतंय. जुनं सगळं आठवतं मला.”

“आत्ताच सांगते, ओरडलात तर परत उतरून चालत घरी येईन.”

“ये ना. फक्त मलाही बरोबर घेऊन ये,” काका म्हणाले. “एकट्याला घर सापडेलच असं नाही.”

काकूंनी चावी घेतली आणि पदराने डोळे पुसले.

“सरका पलीकडे,” त्या म्हणाल्या.