त्रेचाळीस दात

गुरुपाद फोनवर कानडी बोलायला लागला की हंबीररावांच्या हातातला पाना थांबायचा.

तीस वर्षं एकाच शेडमध्ये गेली होती दोघांची. उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडवर दोघांच्या नावाची पाटी होती आणि गिअरबॉक्सचं अवघड काम म्हटलं की सांगली-बेळगावची माणसंसुद्धा तिथंच यायची. गुरुपाद भांडायचा मराठीत, शिव्या द्यायचा मराठीत. कानडी फक्त बायकोपोरांशी आणि देवाशी. आणि आता महिनाभर रोज एक-दोन फोन, तेही बाहेर लिंबाखाली उभं राहून, आवाज खाली आणून. हंबीरराव जवळ गेले की "आयतु, आयतु", म्हणजे झालं झालं, म्हणून फोन खिशात जायचा. असल्या वागण्याला सरळ म्हणायचं तरी कसं?

खरं सांगायचं तर संशयाचं बी आधीच पडलं होतं, आणि ते पाडलं अमरसिंहाच्या गाडीनं.

अमरसिंह मुरगूडचा. घरची डेअरी आणि डोक्यात गाड्यांचं वेड. त्यानं कुठूनशी जुनी जपानी स्पोर्ट्स कार मिळवली होती, रोटरी इंजिनची. या इंजिनात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर गरागरा फिरतो. फेरे कमी असले की त्यात जीव नसतो आणि एकदा फेऱ्यांचा काटा वर गेला की ते आवरत नाही. डिसेंबरात घाटातली शर्यत होती, आणि चढाला दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकला की काटा आठ हजारांवरून साडेपाच हजारांवर पडायचा. तिथं गाडी बसायचीच.

"मिस्त्री, एवढं इंजिन असून म्हातारीगत चढती," असं म्हणून अमरसिंह गाडी लावून गेला. जाताना दुसऱ्या एका गाडीचा सहा गिअरचा बॉक्सही ठेवून गेला, जमलं तर बसवा म्हणून.

हंबीररावांचा कौल सहाला. "गिअर जास्त, तेवढी पायरी बारीक. ह्यात इचार काय करायचा?"

"पायरी बारीक हाय, पण बॉक्स नाजूक हाय," गुरुपाद म्हणाला. "शर्यतीतला झटका त्येला सोसायचा न्हाय. जुना पाचाचाच ठेवू. तिसरा गिअर नवा कापू, दुसऱ्याच्या जवळचा. आणि मागचं क्राउन बदलू. आत्ता एक्केचाळीस दातांचं हाय, त्रेचाळीसचं घालू. वरचा वेग थोडा जाईल, जाऊ दे की. घाटात त्यो लागतोय कुणाला?"

हंबीररावांची मुलगी निशिगंधा इंजिनिअर, शेडचं सगळं गणित तिच्या लॅपटॉपवर. तिनं आकडे टाकले आणि म्हणाली, "आबा, काकांचं बरोबर हाय. काटा सहा हजारांच्या खाली येत न्हाय."

पोटच्या पोरीनं दुसऱ्याची बाजू घेतली. हंबीरराव हसले, पण ते हसणं ओठांच्या आत गेलं नाही.

त्यानंतर त्यांना नको नको ते दिसायला लागलं. गंमत अशी, की खरं दिसणं त्यांचं कमीच झालं होतं. वर्षभर उजव्या डोळ्यापुढं धुकं होतं, डावाही त्याच वाटेवर होता, आणि हे त्यांनी घरात बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. गिअरला पाणी देताना, म्हणजे तो कडक करताना, तापलेल्या लोखंडाचा रंग नुसत्या नजरेनं ओळखणारा मिस्त्री म्हणून त्यांचं नाव. अशा माणसानं डोळे गेले म्हणायचं, म्हणजे पैलवानानं गुडघे गेले म्हणून गावभर सांगायचं.

तर नवा तिसरा गिअर त्यांनी स्वतः कापला, स्वतः पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी गिअर फळीवर नव्हता. "घासायला घेतलाय," गुरुपाद म्हणाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा लेथवाला बसवेश सहज बोलून गेला, "गुरुअण्णा काल राजवीरच्या कारखान्यात दिसलं. हातात पिशवी हुती."

राजवीर म्हणजे तरणा कारखानदार, नवी यंत्रं, काचेचं ऑफिस. हंबीररावांची दोन जुनी गिऱ्हाइकं त्यानं वर्षात ओढली होती. त्याच्या दारात गुरुपाद पिशवी घेऊन?

"काल कुठं गेलतास?" हंबीररावांनी सरळ विचारलं.

"कुरुंदवाडला. पावण्यांकडं," गुरुपाद म्हणाला, आणि उगाच एक नट पुसत राहिला.

धडधडीत खोटं. तीस वर्षांत पहिलं, की पहिलं पकडलेलं? त्या रात्री हंबीररावांनी जुनी तीस वर्षं उकरून काढली आणि त्यातही खडे शोधले. संशयाला खायला घातलं की तो कधी पुरे म्हणत नाही.

नवरात्रात क्राउन आलं, मागच्या चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चाक. त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनसकट जोडी, तेलकट कागदात गुंडाळलेली. हंबीररावांनी त्यांच्या रीतीनं दात मोजले. खडूनं एका दातावर खूण करायची आणि क्राउन फिरवत ती खूण परत येईपर्यंत मोजत जायचं. बरोबर त्रेचाळीस. खूण पुसून त्यांनी क्राउन खंडेनवमीच्या पाटावर मधोमध मांडलं, पान्यांच्या आणि व्हर्नियरच्या रांगेत. अंबूबाईंनी, म्हणजे हंबीररावांच्या बायकोनं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. गुरुपादनं आपल्या रिवाजाप्रमाणं कपाळाचं भस्म बोटावर घेऊन क्राउनला लावलं. पूजेतल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून शेड बंद झाली. किल्ली गुरुपादकडं. ती कायम त्याच्याकडंच असायची, पण यंदा हंबीररावांना दोन रात्री झोप लागली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमरसिंह मित्राला घेऊन क्राउन बसताना बघायला आला. बसवेशही येऊन टेकला. निशिगंधा तेवढी ऑइल सील आणायला गेली होती. हंबीररावांनी पाटावरचं क्राउन उचललं, फुलं झाडली, फडक्यानं कुंकू पुसलं. बसवण्याआधी पुन्हा मोजायचं ही शेडची शिस्त. खडूची खूण केली आणि मोठ्यानं मोजायला लागले. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. पुढचा दात पांढरा.

खूण परत आली होती, आणि दात दोन कमी होते. हंबीररावांच्या डोक्यात आता सगळं जुळत होतं. फोन, पिशवी, राजवीर, किल्ली. जुनं एक्केचाळीसचं घासूनपुसून पाटावर ठेवलं, आणि नवं गेलं काचेच्या ऑफिसात. पिनियनचे दात दोन्ही जोड्यांत दहाच, म्हणजे कुणाला कळायचंही नाही.

"गुरू," ते म्हणाले, "नवं कितीला इकलंस?"

"काय इकलं?"

"किल्ली तुझ्याकडं. राजवीरच्या दारात तू. माझ्यापुढं खोटं बोललास तू. आणि देवाच्या पाटावरचं उचलताना हात कापला न्हाय तुझा? चोर हाईस तू."

गुरुपादनं क्राउनकडं पाहिलंसुद्धा नाही. हंबीररावांच्या मोजणीवर उद्यमनगरात कुणी पुन्हा मोजत नसे, आणि तीस वर्षांत त्यानंही कधी मोजलं नव्हतं. "तू मोजलंस न्हवं? मग झालं," एवढं म्हणून त्यानं कमरेची किल्ली सोडली, बाकावर ठेवली आणि चप्पल घालून निघून गेला.

दुपारी निशिगंधा आली. सगळं ऐकून घेतलं, मागच्या रॅकखालचं पोतं ओढून आणलं आणि आबांच्या पायाशी उघडलं. आत जुनं क्राउन होतं, काढलं तेव्हाच्या काळ्या तेलासकट.

"हे एक्केचाळीसचं. जागचं हललेलं न्हाय. मग पाटावरचं कुठलं?"

रागाच्या भरात रॅकखाली वाकून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिनं नवं क्राउन उजेडात नेलं आणि आबांचं बोट धरून एका दातावर टेकवलं. "ही तुमच्या खडूची खूण." मग दोन दात मागं नेलं. "आणि हे काकांचं भस्म. खडू लावताना तुमचा अंगठा ह्याच्यावर असणार. आबा, तुम्ही खुणेपर्यंत मोजलंच न्हाय. भस्मापर्यंत मोजलं."

हंबीररावांनी बोट नाकाशी नेलं. भस्माचा वास लपत नाही.

निशिगंधाला आता राहवलं नाही. "काकांनी शपथ घातलीवती, पण सांगते. तुम्ही पाणी दिलेला गिअर मऊ निघाला. रंग ओळखायला चुकलात. कडकपणा तपासायचं यंत्र राजवीरकडं हाय, म्हणून काका तिथं गेले. मग एका रविवारी येऊन त्यांनीच परत पाणी दिलं आणि पुन्हा तपासून आणलं. आणि ते फोन शिवलीलाताईला, त्यांच्या लेकीला. ती डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स हाय न्हवं? तुमच्या मोतीबिंदूची तारीख घ्यायला. तुम्हाला कळू ने म्हणून कानडीत."

हंबीरराव खाली बसले. सगळ्यांपासून लपवलेले डोळे एकानं ओळखले होते, आणि त्यालाच त्यांनी चोर म्हटलं होतं. तसेच उठून, क्राउन पिशवीत घालून ते मंगळवार पेठेत गुरुपादच्या घरी गेले. दार गुरुपादच्या बायकोनं, मल्लव्वानं उघडलं. "या भावजी" म्हणाली, पण वाटेतून बाजूला झाली नाही. गुरुपाद आतूनच बोलला.

"हितं कशाला आणलंस ते? चोर कुठं म्हणालास? तिथंच मोज. त्याच माणसांत."

दुसऱ्या दिवशी तीच माणसं बोलावली. गुरुपाद दारात उभा राहिला, उंबरा ओलांडला नाही. हंबीररावांनी भस्म पुसलं नव्हतं. खडूही घेतला नाही. कालच्या खुणेच्या दातावर एक अंगठा रोवून, डोळे मिटून एकेक दात बोटानं चाचपत त्यांनी मोजायला सुरुवात केली. चाळीस. एक्केचाळीस. पुढच्या दातावर भस्म हाताला लागलं, ते ओलांडून ते पुढं गेले. बेचाळीस. त्रेचाळीस.

"माझं डोळं गेल्यात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गिअर बी माझा मऊ निघाला. गुरूनं चोरी न्हाय केली, माझी अब्रू झाकली. चोर म्हणालो ते माझं तोंड झडू दे."

अमरसिंह खाली बघत होता. हंबीररावांनी खिशातली किल्ली काढून दाराकडं हात पुढं केला.

गुरुपाद आत आला, पण किल्ली घेतली नाही. "सोमवारची तारीख हाय. डोळं करून घे. पट्टी निघाली की मला एकदा नीट बघ, आणि मग ठरव किल्ली कुणाला द्यायची ती."

मग त्यानं क्राउन उचललं, गाडीखाली चटई अंथरली आणि अमरसिंहाला दिवा धरायला सांगितला.