बावन्न नंबरची पेटी

तिला सगळ्या बाया मावशी म्हणत. मोठ्या बाईसुद्धा! आणि मोठ्या बाई म्हणजे कारखान्याच्या मुकादम, उगाच कुणाशी नातं जोडणाऱ्यातल्या नव्हेत. पण मावशीचा हातच तसा होता. केसाहून बारीक तार भिंगाखाली धरून अशी जोडायची, की सांधा शोधून सापडू नये.

कारखान्यात समुद्राखालच्या टेलिफोन केबलसाठी पेट्या बनत. एवढा समुद्र ओलांडता ओलांडता माणसाचा आवाज दमतो, म्हणून दर काही मैलांवर केबलमध्ये एक पेटी, त्याला पुन्हा जोर देणारी. एकदा तळाला गेली की वीस वर्षं बिनतक्रार चालायला हवी. दोन मैल खाली दुरुस्तीला जाणार कोण, कपाळ? म्हणून नियम तरी किती! पांढरा कोट, डोक्याला टोपी, पावडर नाही, अंगठी नाही, घामाचा हात कशाला लावायचा नाही. आणि मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी सरळ सांगून घरी जायचं, पगार कापत नसत. या नियमाचा बायांनी फायदा घेतला नसता तर नवल! एकीने तर स्वतःची धडधाकट सासू वर्षात तीनदा मारली.

मावशीने मात्र कधी रजा घेतली नव्हती. तिची एकुलती एक लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हा पलीकडे फोन व्हायचा तो बिनतारी. मावशीने पोटाला चिमटा काढून एकदा लावला, तर तीन मिनिटं नुसती खरखर. मधेच एकदा "आई" एवढं ऐकू आलं, की तसं वाटलं, कोण जाणे. ही नवी केबल थेट लेकीच्या देशाला जाणार होती. बावन्न नंबरची पेटी तिच्यातली शेवटची, आणि ती मावशीच्या हातात होती.

सोमवारी सकाळी जावयाची तार आली. बाळंतपणात लेक गेली, मूलही गेलं.

मावशीने तार घडी करून पिठाच्या डब्यामागे सरकवली आणि कामावर गेली. म्हणाल, काय बाई आहे, काळीज आहे की धोंडा? अहो, सांगितलं असतं तर तिला घरी बसवलं असतं आणि पेटी दुसऱ्याच कुणीतरी पुरी केली असती. लेकीसाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं. केबल टाकणारं जहाज शनिवारी निघणार होतं.

तीन दिवस ती रोजच्या वेळेला येऊन सांधे जोडत राहिली. गुरुवारी भिंगावर वाकलेली असताना डोळ्यांतून पाणी कधी ओघळलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. एक थेंब नेमका तारांच्या वेटोळ्यात पडला. तिने घाईघाईने टिपला. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. दुपारी तपासणीत पेटी पासही झाली. खारं पाणी तांब्याला लगेच थोडंच खातं? सावकाश खातं, वर्षानुवर्षं.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण झाकण बसवणारा कारागीर आला आणि मावशीच्या मनात आलं, दहा वर्षांनी कुणीतरी आई फोन कानाला लावून बसेल, पोरगी बोलता बोलता मधेच गप्प होईल, आणि ते आपल्या हातून झालेलं असेल! ती उठली आणि मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"पेटीत पाणी पडलंय."

"तुमच्या हातून? काहीतरीच काय, मावशी!"

"पडलंय खरं."

"अहो, मग ती मोडीत जाणार. जहाजावर राखीवातली चढेल, दुसरीच्या हातची. कळतंय ना?"

"कळतंय."

मोठ्या बाई चरफडत वही उघडून बसल्या. मोडीत काढायची तर कारण लिहावं लागे. "कसलं पाणी? नळाचं, घामाचं, कसलं? काय लिहू मी इथे?"

"लिहा, माझी लेक गेली," मावशी म्हणाली. चार दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं, आणि निघालं तशी ती तिथेच फरशीवर बसली आणि तिने हंबरडा फोडला.