इसारापासून बाहुलीपर्यंत

योगिनीने विचारलं नसतं, तर मी त्या लेआउटकडे फिरकलोही नसतो. मंगरूळपीरच्या एका लहानशा वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. कुणी काही विचारलं की उत्तर देण्याऐवजी पुस्तक पुढे करायचो. चुकलं तर लेखकाचं चुकायचं.

योगिनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या खोलीत शिवणक्लास चालवते. चार मशिनी, अकरा मुली. तिने आणि तिच्या नवऱ्याने, पवनने, गेल्या दसऱ्याला मानोरा रोडच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, बांधून मिळणाऱ्या घराचा इसार दिला. पुढची खोली क्लाससाठी काढली आहे. आषाढ निम्मा झाला तेव्हा ती आमच्या ओसरीत येऊन बसली.

"काका, इसार देल्ल्यापासून घर हातात याले किती दिवस लागतात?"

"मिस्त्री काय म्हणते?"

"गुलाबसिंग? थो तं पाया खोदला तवापासून म्हणून राह्यला, झालंच समजा!"

तिच्या खोलीवाल्याने सोमवारपर्यंत वेळ दिला होता. एक तर पोळ्याला खोली सोडायची, नाहीतर अजून दोन वर्षं राहायचं कबूल करायचं.

"सोडली अन् घर नाई झालं, तं मशिनी काय डोक्यावर ठेवू? अन् ठेवली, तं तिकडची खोली दोन वर्ष रिकामी. तुमी एवढे पुस्तकं वाचले, सांगा ना."

मला माहीत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. पण तो प्रश्न डोक्यातून निघेना. घर किती दिवसांत होतं, हे मोजायचं कसं? सुरुवात सोपी होती, इसारचिठ्ठीवर तारीख असते. शेवट कुठे धरायचा? कुणाकडे माणसं राहायला आली तरी जिन्याला कठडा नव्हता. कुणाकडे सगळं झालं होतं आणि नळाला पाणी नव्हतं.

तोडगा मला बाहुलीने दिला. बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक घरावर नजर लागू नये म्हणून काळी बाहुली टांगतात. त्या लेआउटमधली सगळी घरं गुलाबसिंगच बांधतो, आणि त्याची रीत अशी, की ती बाहुली मालकाने काढायची नाही. आपल्या हातचं काही काम उरलं नाही असं वाटलं की तो स्वतः शिडी लावतो, बाहुली उतरवतो, आणि मालक त्याला दुपट्टा-टोपी देतो. तो दिवस कुणी विसरत नाही. मी वहीत दोन रकाने आखले. इसार. बाहुली.

"घरातला नळ सहा महिन्यांपासून गळून राह्यला," आमच्या सौभाग्यवती कस्तुराबाई म्हणाल्या. "त्याची नाई केली कधी वही!"

चार दिवस मी त्या लेआउटमध्ये हिंडलो. अनोळखी दारावर टकटक करायला मला फार जड जातं. पहिल्या दिवशी तर दोन दारांवरून हात न लावताच परतलो. पण रुखमाबाई नावाच्या एका म्हातारीने मला बसवून चहा पाजला आणि नातवाच्या जावळाच्या हिशेबाने बाहुलीची तारीख काढून दिली. मग जमू लागलं. चौदा घरांच्या तारखा मिळाल्या. सर्वांत लवकर झालेलं घर सात महिन्यांत, सर्वांत उशिरा झालेलं सतरा महिन्यांत. सरासरी अकरा. बेरीज तीनदा केली.

शनिवारी योगिनीला सांगितलं. दसऱ्यापासून अकरा महिने, म्हणजे भादव्यात घर होईल.

"मंग पोळ्याले सोडते खोली. आठ-दहा दिवस पोरींले तुमच्या ओसरीत बसवीन."

त्या रात्री मी समाधानाने झोपलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पुस्तकाबाहेरचं, स्वतः शोधलेलं उत्तर दिलं होतं.

रविवारी सकाळी काही कारण नसताना पुन्हा तिकडे गेलो. खरं सांगायचं तर आपली चौदा घरं एकदा डोळे भरून बघायची होती. अगदी शेवटच्या रांगेत एक घर दिसलं आणि थबकलो. त्यावरची बाहुली पांढरी होती.

गुलाबसिंग जवळच वाळूच्या ढिगाशी चहा पीत बसला होता. तो मानोऱ्याकडच्या तांड्यातला, उंच आणि हसरा.

"मिस्त्री, साऱ्या घरावर काळी बाहुली, अन् याच घराले पांढरी कायले लावली?"

तो एवढा हसला की चहा सांडला.

"काकाजी, काळीच होती थे! तीन उन्हाळे खाल्ले तिनं. उडाला रंग."

"तीन उन्हाळे?"

"मालक राह्यते पुण्याले. फोटो पाहून टाइल पसंत करते, बसवली का नापसंत करते. माहे मानसं पेरणीले गावी जातात, दिवाळी झाली का अर्धा तांडा कामाले बाहेर. पण झालंच समजा आता."

मी त्या बाहुलीकडे बघत राहिलो. मग वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे माझ्याच अक्षरात नऊ घरं लिहिली होती आणि खाली शेरा होता: 'बाहुली आहे, म्हणून सोडली.'

पोचलेल्यांनाच मी विचारलं होतं, रस्ता किती लांब आहे. जे अजून वाटेतच होते, त्यांना मोजलंच नव्हतं. आणि योगिनीचं घर त्या शेवटच्या पानावरचंच होतं.

"मिस्त्री, या नऊ घरांचे इसार कधीचे?"

त्याला सगळे तोंडपाठ होते. दोन अलीकडचे, त्यातलं एक योगिनीचं. उरलेल्या सातांपैकी सर्वांत नवा इसार बारा महिन्यांपूर्वीचा, सर्वांत जुना चौतीस. म्हणजे आधीची चौदा आणि ही सात धरून, इसाराला अकरा महिने उलटून गेलेली घरं एकूण एकवीस. त्यांतली अकराव्या महिन्यापर्यंत पुरी झालेली फक्त आठ.

"मिस्त्री, एकवीसमधून आठच?"

"असं?" तो वहीत डोकावला. त्याचंही हसू जरा थांबलं. "मले वाटे, बहुतेक होतात."

मी जवळजवळ पळतच परतलो. योगिनी खोलीला कुलूप लावत होती. एका मशीनवर चादर बांधून झाली होती.

"सांगतलं का खोलीवाल्याले?"

"आता जाऊनच राह्यली. आज घरी भेटते थे. काका, एवढा घाम कायचा?"

"थांब. माझं चुकलं."

तिने कुलूप पुन्हा उघडलं, मला स्टुलावर बसवलं. मी वही दाखवत, अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे काल तुमी अकरा महिने म्हणले, थे चुकलं."

"हो."

"अन् आजचं बरोबर आहे, कायवरून?"

याला मी घाबरत होतो. "आजही तारीख नाई सांगता येत," मी म्हणालो. "तुझं घर आठात पडीन का तेरात, मले नाई माहीत. एकवीसपैकी आठ, एवढंच माहीत आहे."

ती कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघत होती. टोपलीत कापलेल्या, न शिवलेल्या ब्लाउजांचा ढीग होता. एकाएकी तिला हसू आलं.

"काका, मी देल्लेलेच ब्लाउज मोजले, तं माह्यासारखी टायमावर शिवणारी साऱ्या मंगरूळात नाई! अन् टोपलीतल्या बाया रोज दारात येऊन शिव्या देतात."

मी इतके दिवस वही घोटून जे समजलो ते तिला एका टोपलीत दिसलं. तिने मशीनवरची चादर सोडली, घडी केली आणि पवनला फोन लावला. "खोली ठेवून राह्यली मी. दोन वर्ष. आल्यावर सांगते."

पोळा गेला, दसरा गेला. काल तिच्या इसाराला चौदा महिने झाले. मी दर रविवारी जाऊन बघतो. तिच्या बाहुलीचा खांद्याकडचा रंग करडा होत चालला आहे.

"काकाजी," गुलाबसिंग वरून ओरडला, "तुमी आले का मले परीक्षेले बसल्यावानी वाटते! पुढच्या महिन्यात उतरवतो, झालंच समजा!"

मी मान हलवली आणि वही काढली. 'सोडली' हा शब्द मी त्या पानावरून केव्हाच खोडला आहे. तिच्या घरासमोर लिहिलं: चौदा महिने, अजून आहे.

परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी चारही मशिनी चालू होत्या.