देवघरातली बंदूक

बंदुकीच्या पाया कोण पडतं हो? आमच्याकडे पडायचे. सासरच्या घरी, गोव्यात पेडण्याकडे, एक ठासणीची बंदूक देवघरात असायची. दसऱ्याला तिची पूजा.

गिरणीचा संप बुडाला आणि आमचे हे, सहदेव, घरी बसले. कसाबसा मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर जॉब मिळाला, एक फेब्रुवारीपासून. मी म्हटलं, सुटलो बाबा एकदाचे. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या मंडळाने सव्वीस जानेवारीला अठराशे सत्तावनच्या बंडाचा देखावा उभा करायचं काढलं. मंडळाचे सेक्रेटरी मार्तंडराव म्हणाले, "सहदेव, लाकडी बंदुका नकोत यार. तुमच्या घरची आण, झकास दिसेल."

परवानगीचे कागद घेऊन आम्ही दोघं पेडण्याला गेलो. सासऱ्यांनी बंदुकीला नवी झेंडूची माळ घातली आणि काही न बोलता ह्यांच्या हातात दिली. परतताना हद्दीवरच्या नाक्यावर हवालदाराने कागद बघितले, मग नळीत घालून बघायला बंदुकीखालचा ठासायचा गज उपसला.

हे म्हणाले, "साहेब, देवघरातली आहे."

तोही आपल्याच कोकणातला. त्याने हळदकुंकू बघितलं, टोपी काढली, नमस्कार केला आणि गज जागच्या जागी ठेवला. मला तर बरंच वाटलं.

मुलुंडच्या मैदानात मार्तंडरावांनी मापून नुसती दारू ठासली. छर्रे नाहीत, काही नाही, फक्त आवाज व्हायचा होता. बायकांनी ओवाळलं. ह्यांनी गोऱ्या साहेबाच्या दिशेने चाप ओढला आणि नळीच फुटली. गोरा साहेब झालेला नंदू सुखरूप होता. ह्यांचा उजवा हात मात्र मनगटापासून लोंबत होता. डॉक्टरांनी तो कापला. वाट लागली आमची, दुसरं काय!

चौथ्या दिवशी सासरे हॉस्पिटलात आले. मार्तंडराव खाटेजवळच होते, रडवेले झालेले. त्यांनी दारू किती घातली ते सांगितलं.

"वरसून आणखी ठासलास?" सासरे म्हणाले. "अरे, ती भरलेलीच असता. दर दसऱ्याक नवो बार भरतंय मी. देवाची बंदूक रिकामी कशी ठेवतलंव?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, मग देताना सांगायला काय झालं होतं?"

"माका कोणी इचारल्यान?"

सासऱ्यांनी पिशवीतून देवाच्या प्रसादाची पुडी काढून पुढे धरली. ह्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला. नुसतं बँडेज. मग ओशाळून डावा हात केला.

सासऱ्यांनी पुडी मागे घेतली. "डाव्या हातात देवचो नसता रे," म्हणाले आणि ती माझ्या हातावर ठेवली.

मी ती पुडी खिडकीतून खाली फेकून दिली.