बरणी हलली

...पेन्सिलची ती रेघ इतकी सरळ होती, की पट्टी लावूनच मारली असणार. सतराव्या रीडिंगवरून आरपार गेलेली, आणि समासात तिच्याच अक्षरात दोन शब्द – 'बरणी हलली'.

हलली होती का खरंच? गढूळ पाण्याच्या बरण्या, प्रत्येकीत मोजून तुरटी, अर्ध्या तासानं पाणी किती निवळलं त्याची नोंद – असे चोवीस आकडे; त्यांतला हा एकच फटकून वागणारा, आणि थंड पाण्याची बरणीही नेमकी ती एकच. टेबलाला आपलं कोपर लागलं होतं... की आकडा आधी खटकला आणि कोपर मागाहून आठवलं? दोन वर्षं झाली. डोळे मिटले की कोपर लागे. पुन्हा मिटले की लागत नसे.

तो आकडा खोडला ते बरोबर होतं का, असं मार्गदर्शक सरांना तिनं सकाळीच विचारलं होतं.

"सतरा नंबरचं भूत उतरलं नाही का अजून? अगं, पेपर छापून आला, लोक तो वापरतायत. मिट ते रजिस्टर."

सर हसले, म्हणून तीही हसली.

लोक वापरतायत – तेच तर. महिन्यापूर्वी जलशुद्धीकरण केंद्रातल्या ऑपरेटरचा फोन आला होता: तुमच्या पेपरातला तुरटीच्या मापाचा तक्ता पंपाशेजारी चिकटवलाय. तेव्हा दिवसभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. आणि आत्ता, टेबलावर थरथरणाऱ्या फोनवर, पुन्हा त्याचंच नाव.

"ताई, तुमच्या तक्त्याप्रमाणेच तुरटी टाकतो आम्ही. पण गारठा पडल्यापासून पाणी काही निवळत नाही."

आता हा विचारणार...

"आमचंच चुकत असणार," तो म्हणाला. "शिफ्टवरच्या जोडीदाराला काल चार शब्द सुनावले मी. तो म्हणतो, बरोबर मोजली. म्हटलं, मग छापलेलं चुकेल का?"

सकाळपासूनची भीती पकडलं जाण्याची होती. ती तशीच राहिली, पण त्या भीतीशेजारी आता एक अनोळखी माणूस येऊन बसला – तुरटी बरोबर मोजून बोलणी खाल्लेला.

"त्यांचं चुकलेलं नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचं हो?"

पलीकडे पंपाची घरघर. ती वाक्यं जुळवू लागली – आढळून आले, वगळण्यात आले – पेपरात ही वाक्यं किती सहज चालून गेली होती, कुणीच काही न करता सगळं झालेलं. फोनवर त्यांतलं एकही बोलवेना. उरलं ते 'मी'पासून सुरू होणारं. आणि ते पुढं कुठं जाणार, हे माहीत नसतानाच तिनं श्वास घेतला.